सहा कपांतला घेवडा

“या रविवारी नाही, पुढच्या रविवारी ट्रॅक्टर येणार आणि ते शेत नांगरलं जाणार! माझा शब्द शेवटचा!” असे म्हणून आजोबांनी चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की बशीला तडा गेला.

हा सगळा राग समोर बसलेल्या मामांवर होता. गेली चार वर्षे त्यांनी त्या शेतात नांगर घातला नव्हता, की कसली फवारणी केली नव्हती. जमिनीवर पालापाचोळ्याचे पांघरूण घालावे आणि बाकीचे काम गांडुळांवर सोपवावे, अशी त्यांची पद्धत होती. आजोबांनी चार वर्षांची मुदत दिली होती. तीन वर्षे उत्तम गेली आणि चौथ्या वर्षी, नेमक्या मुदतीच्या तोंडावर, घेवडा आजारी पडला.

“निसर्ग करतो म्हणे सगळं!” आजोबा पुढे म्हणाले. “मग यंदा तुझा निसर्ग सुट्टीवर गेलाय का?”

मामा उठले, पाठीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि जड पावलांनी शेताकडे निघून गेले.

सुट्टीसाठी आलेली तिन्ही भाचरे दाराआडून हे सर्व ऐकत होती. थोरली ताई तेरा वर्षांची. तिचा भाऊ लांबू, ज्याची उंची दर महिन्याला वाढे आणि उत्साह त्याच प्रमाणात कमी होई. धाकटीला सगळे शंकाबाई म्हणत, कारण तिला प्रश्न पडला नाही असा दिवस उगवला नव्हता.

“चला, शेत बघून येऊ,” ताई म्हणाली.

“एवढ्या उन्हात? इथूनच दिसतंय की!” लांबू कण्हला, परंतु शंकाबाईने त्याची बाही धरून त्याला ओढलेच.

शेतातील देखावा मन खिन्न करणारा होता. घेवड्याची कोवळी पाने आत वळून द्रोणासारखी झाली होती आणि शेंडे पिळवटले होते. लांबू लगोलग बांधावर आडवा झाला. ताई ओळींमधून फिरत राहिली. शंकाबाई मात्र विहिरीजवळ थबकली.

“ताई, इथली चार रोपं एकदम ठणठणीत कशी गं?”

“पाणी जवळ आहे म्हणून.”

“पाणी तर सगळ्यांना सारखंच मिळतं. आणि हे बघ, गवतसुद्धा मजेत आहे! रोग आलाय तर गवताला का नाही आला?”

ताईने वाकून पाहिले. आजारी ओळींमध्ये वाळक्या काड्यांचे पिवळेजर्द काड पसरलेले होते. विहिरीजवळच्या चार रोपांखाली जुना, काळपट पालाच होता.

“मामा!” तिने हाक मारली. “हे काड कुठून आणलंत?”

मामा विहिरीच्या कठड्यावर बसले. “ट्रॅक्टरवाल्या काकांच्या गव्हाच्या शेतातलं आहे. दरवर्षी मी पाला गोळा करतो गं. यंदा पाठ साथ देईना, म्हणून कंटाळा केला. ते म्हणाले, घेऊन जा, अगदी स्वच्छ आहे. विहिरीपाशी येईपर्यंत काड संपलं.” त्यांनी पाठ चोळली. “आता कशाला विचारता? मी थकलोय, पोरांनो.”

मामा थकले असले तरी पोरे थांबली नाहीत. त्यांनी सहा कप मिळवले. त्यांतला एक तडा गेलेल्या बशीचा सोबती होता. साऱ्या कपांत विहिरीजवळची माती भरून घेवड्याचे दाणे टोचले. तीन कपांत ते काड बारीक चुरून मिसळले, तीन कपांत जुना पाला. मग सुरू झाली ती वाट पाहण्याची शिक्षा!

“साहस म्हणतात ते हेच का?” पाचव्या दिवशी लांबूने जांभई देत विचारले. “मला वाटलं होतं, कुणाचा तरी पाठलाग करायचा असतो!”

“घेवड्याचा कर. तो पळत नाही, तुला जमेल!” ताई म्हणाली.

रविवारी सकाळी ट्रॅक्टर खडखडत शेताच्या तोंडाशी आला. ट्रॅक्टरवाले काका मिशीला पीळ देत खाली उतरले. आजोबा काठी टेकत आले. मामा सर्वांच्या मागे, खाली मान घालून उभे होते.

“थांबा!” ताईने सहा कप बांधावर मांडले. पाल्याच्या तीन कपांतील रोपे सरळ उभी होती. काडाच्या तीन कपांतील पाने द्रोणासारखी वळली होती.

“काडात विष आहे!” शंकाबाई ओरडली.

“काहीतरीच!” काका हसले. “पोरांचे खेळ सगळे. माझं काड अगदी स्वच्छ आहे!”

आजोबांनी कपांकडे पाहिले, मग काकांकडे. मोठ्या माणसाच्या शब्दापुढे सहा कपांचे वजन ते किती! त्यांनी ट्रॅक्टरला वाट करून देण्यासाठी काठी उचललीच होती.

इतक्यात लांबू, जो आजवर कोणतेही ओझे आपणहून उचलण्यासाठी प्रसिद्ध नव्हता, ओळींमधून गोळा केलेल्या काडाचा भला मोठा भारा डोक्यावर घेऊन चालू लागला.

“अरे, कुठे निघालास?” काकांनी विचारले.

“तुमच्या घरी, काका. काकूंच्या टोमॅटोंना ऊन लागत असेल ना! चांगलं जाड पसरतो.”

“ए! खबरदार!” काकांची मिशी थरथरली. “टोमॅटो मरतील ना माझे!”

सर्वांच्या माना काकांकडे वळल्या. ट्रॅक्टर तेवढा धडधडत होता.

“का बरं मरतील?” शंकाबाईने अत्यंत गोड आवाजात विचारले.

काकांनी टोपी काढली. “गव्हात रानटी रोपं फार माजली होती. तण मारायचं औषध मारलं होतं. ते गव्हाला आणि गवताला काही करत नाही, रुंद पानांनाच धरतं. पण काड सुकलं, म्हटलं औषधही उडालं असेल.”

“आणि काकूंच्या टोमॅटोपाशी उडत नाही वाटतं?” ताई म्हणाली.

आजोबांनी ट्रॅक्टर बंद करायला लावला. ते अवघडत वाकले आणि मामांच्या मातीची एक मूठ उचलून बोटांनी फोडली. तीतून एक गांडूळ वळवळत बाहेर आले. आजोबा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

“नांगर परत न्या,” ते म्हणाले. “चूक मातीची नव्हती. हे शेत याच्याकडेच राहील, मुदतबिदत काही नाही.” मग त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. “शाबास रे वाघांनो! आम्ही म्हातारे नुसते ओरडलो, तुम्ही मात्र बघितलंत.”

मामा बांधावर बसले आणि त्यांनी उपरण्याने तोंड पुसले. घाम होता की आणखी काही, हे मुलांनी विचारले नाही. शंकाबाईनेसुद्धा नाही.

फार पिळवटलेल्या ओळी काही पुन्हा उठल्या नाहीत. उरलेले शेत वाचवायचे तर काडाची काडीन् काडी हाताने वेचणे भाग होते. पहिली मूठ ट्रॅक्टरवाल्या काकांनीच मुकाट्याने उचलली. भर दुपारी लांबूने कंबर धरली.

“आजोबा, निसर्गाची सुट्टी संपली का हो?”

“निसर्गाची कधी नव्हतीच,” आजोबा त्याच्या शेजारी वाकून काड वेचत म्हणाले. “तुझी मात्र संपली. उचल!”