डोक्यातून उगवणारे खांब

सगळी बाग एका फोटोत मावावी म्हणून मी मागे मागे सरकत होते... आणि थेट त्याच्या पायावर पाय!

“सगळं कधीच मावत नाही,” तो कळवळत म्हणाला. “आधी काय सोडायचं ते ठरवा. माझा पाय सोडलात तरी चालेल.”

कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओचा मालक निघाला तो! दर रविवारी सकाळी मला शिकवायला तयार झाला. आणि काय शिकवायचा! माणूस जिकडे बघतोय तिकडे मोकळी जागा ठेवायची, दाराचीच चौकट फोटोला करायची, बटण दाबण्याआधी चारही कडा नजरेखालून घालायच्या. रडक्या बाळांसाठी तो स्वतः जमिनीवर फतकल मारायचा. आजीबाईंची हनुवटी वर करण्याआधी त्यांची परवानगी मागायचा. मी बघायचे कॅमेऱ्यातून, पण बघायचे त्यालाच.

दोन महिन्यांत मला सगळं यायला लागलं. शिकून झालं, तर पुढचे रविवार कुठले?

मग मी मुद्दाम चुका करू लागले. तळ्याचा काठ तिरका. बाबांच्या डोक्यातून विजेचा खांब. आईचे पाय घोट्यापाशी कापलेले.

“डोकं फिरलंय का तुझं?” आई म्हणाली. फिरलंच होतं.

काल रविवारी त्याने माझे सगळे फोटो टेबलावर मांडले.

“खांब दरवेळी डोक्याच्या बरोब्बर मध्यावर,” तो म्हणाला. “नवशिक्याला इतकी नेटकी चूक जमत नाही. वेड पांघरून पेडगावला निघालात ना?”

“म्हणजे... आता रविवार बंद?”

त्याने एक फोटो पुढे सरकवला. खिडकीशी लेन्स पुसत उभा असलेला तो. नजरेपुढे मोकळी जागा, कडा स्वच्छ.

“सगळ्यांच्या डोक्यातून खांब उगवतात. मग माझ्याच का नाही?”

“तुमचा फोटो बिघडवायला... हात धजावला नाही.” मग म्हटलं, होऊन जाऊ दे. “मला तुम्ही आवडता. खूप.”

तो कानापर्यंत लाल झाला! “तुमची लबाडी मला महिन्यापूर्वीच कळली होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“शिकवणी संपली असती ना... मग मी रविवारी काय केलं असतं?”

आज सोमवार. कॅमेरा घरीच ठेवून मी निघाले, तर आई दारात.

“आज कसली गं शिकवणी?”

“शिकवणी नाही, आई. त्याला भेटायला चाललेय.”