सात नंबरचा ब्रेक वाजला नाही

"तिनं ब्रेक दाबला असता तर तो वाजला असता," सर म्हणाले. "सात नंबरची सायकल कशी किंचाळते ते तुम्हाला ठाऊक आहे. खाली आम्ही बाराजण उभे होतो, एकालाही आवाज आला नाही. म्हणजे तिनं ब्रेक दाबलाच नाही. म्हणून सांगतो, कंबर मागे, टाचा खाली, नजर पुढे आणि ब्रेक वळणाच्या आधी."

बारकीची कानशिलं तापली. सलग चौथ्या दिवशी सरांनी हाच धडा दिला होता आणि उदाहरण म्हणून तिच्या ताईलाच उभं केलं होतं.

टेकडीवरच्या सगळ्यात उभ्या उताराला सायकल शिबिरातल्या मुलांनी 'घसरगुंडी' नाव ठेवलं होतं. ताई तिथून रोज उतरायची, शिबिरात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. पण चार दिवसांपूर्वी शेवटच्या वळणावर ती वळलीच नाही, तर सरळ झाडीत घुसली आणि तिचा हात मोडला. आता ती घरी पडून असायची आणि प्लास्टरबाहेर आलेलं बोट हवेत दाबून बघायची. "माझंच चुकलं असणार गं," काल रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली होती. "माझी जागा दुसऱ्या कुणाला देऊ देत. मला हे जमणार नाही."

"सर, मी तिच्या मागेच होते," बारकी आता म्हणाली. "तिचं बोट ब्रेकवर होतं. मी पाहिलंय."

"बहीण आहेस तिची. तुला तसंच दिसणार," सर म्हणाले आणि शिट्टी फुंकून मोकळे झाले.

दुपारच्या सुट्टीत बारकी चष्मिसला ओढतच सायकलींच्या शेडमध्ये घेऊन गेली. चष्मिस म्हणजे तिच्याच वर्गातला मुलगा. उतारावर त्याची पाचावर धारण बसायची, पण डोकं मात्र झकास चालायचं. सात नंबर कोपऱ्यात उभी होती, चाकात अजून झाडीतल्या काटक्या अडकलेल्या.

चष्मिसनं पुढचं चाक उचलून जोरात फिरवलं. "दाब."

बारकीनं दात-ओठ खाऊन ब्रेक दाबला. चाक आपलं फिरतंच राहिलं. आवाज नाही की काही नाही.

"आता मागचं."

मागच्याचीही तीच तऱ्हा. चष्मिसनं चाकाच्या मधली पोलादी चकती रुमालानं पुसली. ब्रेक दाबला की याच चकतीला चिमटा बसतो आणि चाक थांबतं. रुमालावर पिवळा, चिकट डाग उमटला.

"तेल," तो म्हणाला. "चकतीला तेल? अगं, ही कोरडी असली तरच ब्रेक लागतो. कुणी केला हा शहाणपणा?"

"म्हणजे ताईनं ब्रेक दाबला होता. वेळेवर दाबला होता." बारकी ताडकन उभी राहिली. "आणि हे लोक चार दिवस तिच्या नावानं बोटं मोडतायत. मी आत्ताच्या आत्ता सरांना—"

"थांब. तुझं ऐकतील का ते? त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ब्रेक ओरडला की तेल सोडणारा आपणहून धावत येईल."

चष्मिसनं एक साधी गोष्ट लक्षात ठेवली होती. चकती ओली झाली की ब्रेक ओरडतात. त्यानं शेजारच्या तीन नंबर सायकलीच्या चकत्यांवर बाटलीतलं पाणी ओतलं आणि सरांना बोलावायला गेला. बारकी सायकल घेऊन आवारात गोल गोल फिरू लागली. दर फेरीला शेडच्या दाराशी कचकन ब्रेक दाबायची. असला कर्कश आवाज, की कुंपणावरचे कावळेसुद्धा उडाले.

पाचव्या फेरीला शेडमागच्या खोलीतून मिस्त्रीकाका डोळे चोळत बाहेर आले. हे शिबिरात महिन्याभरापूर्वीच लागले होते, त्याआधी जन्मभर दारांच्या बिजागऱ्या आणि कुलपं दुरुस्त करायचे. "काय कटकट आहे! जरा पाठ टेकू देत नाहीत. आण इकडे, दोन मिनिटांत गप्प करतो हिला."

त्यांनी खिशातून तेलाची डबी काढली, दोन्ही चकत्यांवर सढळ हातानं धार धरली आणि चाकं फिरवून पाहिली. "झालं. कुरकुरलं की तेल सोडायचं. सातवर पण हाच इलाज केला मी चार दिवसांपूर्वी, तेव्हापासून बघ कशी शहाण्यासारखी गप्प आहे."

सर तोवर चष्मिसबरोबर शेडच्या दारात येऊन उभे होते. त्यांचा चेहरा उतरला, पण बारकीला तेवढ्यानं पुरेसं वाटलं नाही.

"सर, बसा हिच्यावर," तिनं तीन नंबर पुढे केली. "घसरगुंडीवर नका जाऊ. हा आवारातला छोटा उतारच घ्या. तंत्र तुम्हाला येतंच."

सर बसले. कंबर मागे, टाचा खाली, नजर पुढे, सगळं अगदी बिनचूक. अर्ध्या उतारावर त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल ढिम्म ऐकेना, आणि सर जुन्या टायरांच्या ढिगात सपशेल आडवे झाले.

कुणी हसलं नाही. मिस्त्रीकाकांनी डबी हातातून खाली ठेवली. "मला वाटलं, मी दुरुस्तच करतोय," ते पुटपुटले.

"चकतीला तेल चालत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला तर माहीत होतं," बारकी सरांना म्हणाली. "ती पडल्यावर एकदा तरी चाक फिरवून पाहिलंत?"

"नाही," सर कपडे झटकत म्हणाले. त्यांनी सगळ्या सायकली बाजूला काढायला सांगितल्या आणि ब्रेकच्या नव्या पट्ट्या बसेपर्यंत उतार बंद ठेवला. "तुम्ही दोघांनी आज आणखी कुणाचा तरी हात वाचवलात. शाबास. उद्या सगळ्यांसमोर तुमचं कौतुक करणार आहे मी."

"मला नको ते कौतुक. आमच्या घरी चला."

संध्याकाळी सर ताईच्या पलंगाशी उभे राहिले. आई दारात, बाबा तिच्यामागे. सर म्हणाले, "ब्रेकमध्ये तेल होतं. तू वेळेवर दाबला होतास. तुझं काहीच चुकलं नव्हतं. तपासलं नाही, ही माझी चूक."

"आमची धाकटी तोंडानं फटकळ आहे," बाबा म्हणाले, "पण आज तिचा अभिमान वाटला."

ताईचा चेहरा लाल लाल झाला. "चार दिवस," ती म्हणाली, "चार दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय, सर. तुम्ही बाराजणांसमोर मला चुकीचं ठरवलंत. आता त्या बाराजणांना परत उभं करा आणि हे सगळं त्यांच्यासमोर सांगा. प्लास्टर निघालं की मी पुन्हा घसरगुंडी उतरणार, आणि सायकल आधी मी स्वतः तपासणार."

"सांगतो," सर म्हणाले.

ताई अजून बरंच बोलत होती आणि तिचा आवाज चढतच होता. आई तिला गप्प करायला पुढे झाली, तर बारकीनं आईचा हात धरला.

"बोलू दे गं तिला," ती म्हणाली.