सतरा नंबरचा फोटो

रविवारी चष्मेवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसायचं, इंजिनं असायची. म्हणजे इंजिनांचे फोटो. मंडळ म्हणावं तर सभासद तीनच. स्वतः चष्मेवाला, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ जो शिंपीकाम करायचा, आणि वही सांभाळणारे निवृत्त मास्तर. नियम मात्र शंभर माणसांचे असावेत तसे कडक. फोटो रिळाचाच हवा, मोबाइलचा चालणार नाही. इंजिन अख्खं आलं पाहिजे, नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे. पहिल्यांदा टिपेल त्याच्या नावावर नंबर वहीत चढायचा.

मालगाड्यांच्या जुन्या चाळीस इंजिनांपैकी एकोणचाळीस चष्मेवाल्याच्या नावावर होती. राहिलं होतं सतरा नंबरचं. ते भंगारात ओढून नेलं, त्या सकाळी हा मेहुण्याच्या लग्नात पाहुण्यांना चहा विचारत फिरत होता. नऊ वर्षं झाली, तरी मेहुण्याचा सुखाचा संसार पाहिला की त्याला आधी ते इंजिन आठवायचं.

त्या रविवारी मेहुण्यानं एक फोटो टेबलावर ठेवला.

"सतरा," मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. "कधीचा?"

"मंगळवारचा. पुलामागचं जुनं वळण. दुपारी सव्वाबारा."

नऊ वर्षांपूर्वी भंगारात गेलेलं इंजिन रुळांवर आलं कसं, हे विचारायच्या आधीच चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कॅमेरा त्यानंच दिलेला, जुना. रीळ धुवायला त्यानंच शिकवलेलं. गुरूची विद्या गुरूलाच फळली होती. त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि फोटोत काहीतरी खोट सापडावी म्हणून मनोमन प्रार्थना केली. खोट सापडली.

"सिग्नल डावीकडे कसा? त्या वळणावर सिग्नल उजवीकडे आहे, टाकी डावीकडे. फोटो उलटा छापलास, बाळा."

"मग नंबर सरळ कसा आला?" मास्तरांनी विचारलं.

खरंच, अख्खं दृश्य उलटं होतं आणि नंबर तेवढा सरळ.

"नंबर रंगवला असेल," चष्मेवाला म्हणाला.

मेहुणा भांडला नाही. खिशातून निगेटिव्ह काढून त्यानं पुढे केली. तिच्यावर ना ओरखडा, ना रंग.

"जसा आला तसा छापला, भाऊजी. हवं तर नंबर तुमच्या नावावर घ्या. पण तिकडे जाऊ नका."

हे औदार्य जास्त झोंबलं. एक वेळ माणसानं हरवलेलं चालतं, दान केलेलं पचत नाही. मास्तरांनी वहीत मेहुण्याचं नाव लिहिलं आणि चष्मेवाल्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

"त्याला टोचून बोलू नका हो," बायको म्हणाली. "त्याचं हल्ली काही ठीक नाही. पुरुषांच्या शर्टांना उलट्या बाजूला काजं करतोय. चार शर्ट परत आले काल."

चष्मेवाल्याला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली, पण बरं वाटणं काही कमी झालं नाही.

मंगळवारी दुकान बंद ठेवून तो पुलामागे गेला. वळणावर लख्ख ऊन होतं. रुळांवर जाड गंज आणि मधे कमरेएवढं गवत. सिग्नल उजवीकडे, टाकी डावीकडे, सगळं जागच्या जागी. पुलाकडचे रूळ तर कधीच उपटून नेले होते. तिकडून उंदीरसुद्धा गाडीनं आला नसता.

सव्वाबाराला तिकडूनच आवाज आला.

तापलेल्या तेलाचा वास आला. पायाखालची खडी थरथरली. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि काचेत सिग्नल डावीकडे होता.

अजूनही कॅमेरा खाली घेता आला असता. त्याला ते कळत होतं. पण डोळ्यांसमोर वहीतलं मेहुण्याचं नाव आलं.

त्यानं बटण दाबलं.

कॅमेरा खाली घेतला तेव्हा गवत तसंच उभं होतं. एक पातंही वाकलं नव्हतं.

परतताना तो हवेतच होता, एकाही पाटीकडे त्याचं लक्ष गेलं नाही. ओळखीच्या गल्लीत दोनदा चुकीचं वळण घेतलं, तर त्यानं उन्हाला दोष दिला. घरी येताच न्हाणीघरात कोंडून घेऊन रीळ धुतलं आणि फोटो छापला. लाल दिव्यात इंजिन अख्खं, देखणं उमटलं, पण नंबर उलटा. तो स्वतःशीच हसला. घाईत निगेटिव्ह उलटी लावली असणार. बावीस वर्षांच्या सरावाच्या हातानं ती त्यानं पालथी केली आणि पुन्हा छापलं. आता नंबर सरळ आला.

संध्याकाळी सहाला त्यानं दोघांना दुकानात बोलावलं. मास्तरांनी ओला फोटो उजेडात धरला.

"सिग्नल, टाकी अगदी जागच्या जागी आहे. पण चष्मेवाले, नंबर उलटा आलाय. हा बाद."

"मास्तर, नंबर सरळ आहे."

"उलटा आहे हो. बघा ना."

"डोळे तपासू तुमचे. बसा खुर्चीवर."

दुकान अरुंद होतं. म्हणून अक्षरांचा तक्ता मुद्दाम उलटा छापलेला, खुर्चीच्या मागच्या भिंतीवर टांगलेला. गिऱ्हाईक समोरच्या आरशात बघायचं, तिथं अक्षरं सरळ दिसायची. मास्तर आरशाकडे बघून घडाघडा वाचू लागले. शेवटची बारीक ओळसुद्धा त्यांनी सोडली नाही.

चष्मेवाल्याला आरशातलं एकही अक्षर लागेना.

मेहुण्यानं टेबलावरचा फोटो उचलून बराच वेळ पाहिला. "सरळ आहे," तो हलकेच म्हणाला. "निगेटिव्ह पालथी केलीत ना? मलाही करावीशी वाटली होती, भाऊजी."

तो आरशाकडे बघतच नव्हता. मान मागे वळवून भिंतीवरचा तक्ता वाचत होता. चष्मेवाल्यानंही मान वळवली आणि पहिल्या ओळीपासून तो त्याच्याबरोबर वाचू लागला.