मोहाखाली कोण बसलं होतं

मोहाची फुलं टपकायला लागायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळावा लागतो, नाहीतर फुलं पानांत हरवतात आणि वेचणाऱ्याची कंबर फुकट मोडते. मूल गावाच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या त्या वाडीवर हे काम दरवर्षी रामाजी करायचे. यंदा त्यांची सून दिव्यानी निघाली. काम ते केवढंसं. आगपेटी घ्यायची, पळसाची एक ओली फांदी घ्यायची, शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या मोहाखाली आग लावायची, ती पसरू नये म्हणून बघत उभं राहायचं आणि परत यायचं.

रामाजींना दिवाळीनंतर लकव्याने पाडलं होतं. पाय गेले, जीभ जड झाली. तळव्याला सुई टोचली तरी त्यांना कळायचं नाही. मुलगा गोपाल तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. जाताना दारात उभा राहून रडला होता बिचारा. फोनवर रोज एकच सांगायचा, "मी येतवरी बाले सांभाळ, दिव्यानी. मले त्याचं तोंड पाह्यचं आहे." आणि दिव्यानीनं सांभाळलंही होतं. पेज भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, हगणं-मुतणं, सगळं एकटीनं. कर्तव्य वगैरे काही नाही हो. तिचा स्वतःचा बाप तिला आठवतही नव्हता, आणि हा म्हातारा तिला मनापासून आवडायचा.

निघताना रामाजींनी तिचा पदर धरला. "हा... हाक मारजो, माय," ते अडखळत म्हणाले. "आग लावाच्या आंधी."

"मारीन, मामाजी."

ही त्यांची जुनी खोड. काडी ओढण्याआधी झाडाभोवती फिरून ते मोठ्यानं सांगत, उठा, सरका, आग लावून राह्यलो. लोक हसायचे. साळिंदराला सांगता का सापाला, म्हणून चिडवायचे. रामाजी शांतपणे म्हणायचे, "झाडाखाली कोण बसलं असते, आपल्याले का मालूम. उठाले वेळ तं द्या लागते."

शेजारच्या शकुबाईंना म्हाताऱ्यापाशी बसवून दिव्यानी धुऱ्यावर पोचली. ऊन चढत होतं. मोह घरापासून हाकेच्या अंतरावर, तिथून अंगण स्पष्ट दिसायचं. तिनं झाडाभोवती एक फेरी मारली, तोंड उघडलं आणि मिटलं. रिकाम्या रानात एकटीनं ओरडायचं म्हणजे कसंतरीच. खरं सांगायचं तर एवढंच झालं, तिला लाज वाटली. तिनं काडी ओढली.

पानं वाळून कडकडीत होती. आग भराभर बुंध्याकडे सरकली. धूर वर जायचा तो खालीच बसला आणि त्यात केस करपल्याचा वास आला. मग बुंध्यापाशी पाचोळा हलला. बसलेला म्हातारा माणूस गुडघ्यावर हात देऊन उठतो तसं कोणीतरी त्यातून उठलं. तिला पाठ तेवढी दिसली, काळपट, पानं चिकटलेली. त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. जळत्या पानांवर पाय देत ते बाहेर आलं आणि धुऱ्यावरून सरळ तिच्या घराच्या दिशेनं चालू लागलं. तळव्यांना चिकटलेली पानं धुमसत होती.

दिव्यानी त्या पाठीकडं बघत राहिली. भानावर आली तेव्हा आग कुंपणाला भिडत होती. ती फांदीनं झोडपून विझवली आणि धावत सुटली.

घरात शकुबाई खाटेच्या पायथ्याशी निवांत बसल्या होत्या.

"कोण आलं होतं?" दिव्यानीला धाप लागली होती.

"कोण येते, पोरी? मी इथीच आहो. याचे पाय चेपून राह्यली."

दिव्यानीनं चादर सारली. दोन्ही तळवे फोडांनी भरले होते, कडेची कातडी काळी पडली होती. शकुबाईंनी झटक्यात हात मागं घेतला. "आत्ता तं... आत्ता तं काईच नव्हतं," त्या पुटपुटल्या.

रामाजींनी डोळे उघडले. "पाय जळून राह्यले, दिव्यानी," ते म्हणाले. एकही अक्षर अडखळलं नाही.

गावाला आनंद झाला. पायाला दुखतं म्हणजे जीव परत आला, असं नर्सबाई म्हणाल्या. फोड भरले तसे रामाजी उठून बसले, काठी धरून उभे राहिले, मग काठीही सुटली. बायका दिव्यानीचं कौतुक करायला यायच्या. शकुबाई मात्र अंगणातूनच विचारपूस करून परत जायच्या, आत पाऊल टाकायच्या नाहीत.

दिव्यानी चूल पेटवायला लागली की म्हातारा उठून अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहायचा आणि विस्तव विझल्याशिवाय घरात यायचा नाही. गोपालचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही. तिला सगळं कळत होतं, पण सांगणार कोणाला? सासरा बरा झाला म्हणून घाबरणाऱ्या सुनेला लोकांनी वेड्यातच काढलं असतं. जे मोहाखालून उठलं ते घरात येऊन राहिलं होतं. मग मामाजी कुठं गेले, इथपर्यंत आलं की ती विचार तोडून टाकायची आणि भांडी घासायला घ्यायची.

गोपाल आला. बाप दारात ताठ उभा. गोपाल त्याच्या पायांवर पडला, गळ्यात पडला, लहान मुलासारखा रडला. "तू माह्या बाले वाचवलं," तो बायकोला म्हणाला. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पण ती त्याची पिशवी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं टोपल्या घेऊन मोहाखाली गेली. जमीन फुलांनी पिवळी झाली होती, गोड वासानं डोकं जड होत होतं. दोघं वाकून वेचत होती.

"गो... गोपाल," बुंध्याकडून आवाज आला. जड, अडखळता. "आला का... बाबू?"

गोपालचा हात थांबला. बुंध्यापाशी कोणीच नव्हतं. हा आवाज त्याला पाठ होता, महिनोन् महिने फोनवर ऐकलेला. त्यानं दिव्यानीकडं पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

तेवढ्यात घराकडून खणखणीत हाक आली. "गोपाल, तिथी काऊन थांबला? घरी ये."

अंगणाच्या टोकाला म्हातारा उभा होता.

"बा बलावून राह्यला," गोपाल कसाबसा म्हणाला. टोपली तिथंच टाकून तो धुऱ्यावरून निघाला, जवळजवळ पळतच. दिव्यानीला त्याला अडवायचं होतं. ती टोपली ठेवून उठेपर्यंत तो निम्म्या वाटेवर पोचला होता.

ती बुंध्यापाशी बसली. "आला, मामाजी," ती रडत म्हणाली. "आला तुमचा गोपाल. आत्ता इथीच होता. घरी गेला."

तिच्या अंगावर फुलं पडत होती. मग तो आवाज पुन्हा आला, अगदी हळू, भ्यालेला.

"मंग माय... घरून त्याले हाक... कोणं मारली?"