उस्तादांच्या ताटातलं विष

सून मावशीच्या दारात आली ती कपड्यांची पिशवी घेऊनच. नवरा उद्या तिला माहेरी पोचवणार होता, तेही कायमचं. सासऱ्यांच्या जेवणात ती काहीतरी कालवते, असा त्याचा आरोप होता.

गल्लीत जिला सगळे मावशी म्हणत, ती खासगी तपास करायची. तिचे यजमान, म्हणजे काका, बरोबर हिंडायचे आणि हमखास भलत्याच माणसावर संशय घ्यायचे. सुनेचे डोळे पुसून होतात न होतात, तोच ते मावशीच्या कानात म्हणाले, "हिनंच केलंय." मावशीने चपला पायात सरकवल्या.

सासरे खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मूठभर बारीक खिळे गालात धरायचे, जिभेने एकेक पुढे आणायचा आणि ठोकायचा, हा त्यांचा जन्मभराचा हातखंडा. आज मात्र खिळे मांडीवरच्या वाटीत होते. कारखान्यात घामाच्या धारा लागलेल्या, तरी उस्तादांच्या गळ्याभोवती मफलर घट्ट. जवळ गेलं की लवंगेच्या तेलाचा वास यायचा.

मावशीने विचारलं तेव्हा सूनबाईच्या हातचं जरा तिखट लागतं, एवढंच ते पुटपुटले. मान वर केली नाही.

मुलगा तावातावाने बोलला. बायकोने स्वयंपाकघर हातात घेतलं आणि बाबांचं तोंड जळायला लागलं, आता ते ताट अर्धं टाकून उठतात. मध्यंतरी ते त्याच्या बहिणीकडे राहायला गेले तेव्हा कसं होतं, असं मावशीने विचारल्यावर तो अडखळला. तिथेही टाकत होते म्हणाला. चहासुद्धा गार करून, मान उजवीकडे कलती करून प्यायचे.

"म्हणजे बहीणही सामील," काका म्हणाले. मावशीने त्यांना स्टुलावर बसवलं.

मग तिने सगळ्यांसमोर बोलायला सुरुवात केली.

"अन्नात काही असतं तर बहिणीकडे त्रास थांबला असता. तोंड अनेक कारणांनी दुखतं. किडलेला दात, टोचणारी कवळी, तोंड येणं, जीवनसत्त्वं कमी पडणं. पण हे दुखणं एकाच बाजूला आहे, म्हणून घोट दुसऱ्या बाजूने. लवंगेचं तेल चोरून लावलं जातंय. आणि ज्याने आयुष्यभर खिळे गालात धरले, त्याला आता एक खिळा सोसवत नाही. उस्ताद, मफलर काढा."

त्यांनी फार वेळ लावला. जबड्याखाली सुपारीएवढी गाठ होती. तोंड उघडलं तेव्हा जिभेच्या कडेला पांढुरका, कडक व्रण दिसला.

"खिळेवाल्याच्या तोंडाला टोचायचंच," उस्ताद म्हणाले. "दरवेळी आपसूक भरायचं. हे भरेना. सांगितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं. तुझी आई तिथून परत आली नाही रे. सूनबाईवर आळ आला आणि मी गप्प बसलो. माझं चुकलं, पोरी."

"दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, गाठ, बधिरपणा, गिळताना त्रास," मावशी म्हणाली, "यातलं एक जरी असलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. घाबरलो तरी." या वेळी चोर सापडल्याचं सुख तिला नव्हतं.

त्याच दुपारी सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासणीसाठी तुकडा काढला. काही दिवसांनी अहवाल आला. कर्करोग गळ्यापर्यंत पसरला होता. उपचार करू, पण लवकर आणलं असतं तर हाताशी खूप काही होतं, असं डॉक्टर हळूच म्हणाले.

बाहेरच्या बाकावर मुलगा बायकोशेजारी बसला. ती इतके दिवस मावशीकडेच राहिली होती; कपड्यांची पिशवी पायाशी होती.

"इतके महिने मी तुझ्या हातांवर पाळत ठेवली," तो म्हणाला. "बाबांच्या तोंडात एकदा बघितलं असतं तर..."

तिने पिशवी उचलली. "घरी येते मी. बाबांना पातळ काहीतरी करून द्यायला हवं. तुमचं-माझं जे काय, तो विषय बाबा आहेत तोवर काढू नका."