कुबलांच्या घशातला काटा

मालवणच्या दवाखान्यात मधुकर कुबल पेजेचा घोट घेत आणि तो कुठवर उतरला ते खाटेजवळच्या पडद्यावर उमटे. त्यांच्या अन्ननलिकेला भोक पडलं होतं. त्यावर आतून जाळीची नळी बसवली होती. नळीवर अस्तर. साधं अस्तर भोक झाकतं आणि जाळीत मांस वाढू देत नाही, म्हणून नळी नंतर सुखरूप काढता येते. हे नवं अस्तर त्याहून चोंबडं होतं. जखमेत काय आहे ते चाखून डॉक्टरांना कळवायचं आणि त्यावरचं औषधही स्वतःच सोडायचं.

"काका, कोंबडीचंच हाड ना?" डॉक्टर नीलांबरी सामंतांनी विचारलं.

"कोंबडीचंच." खोटं बोलताना कुबल पुस्तकी मराठी बोलत.

"अस्तर समुद्रातले जंतू सांगतंय. तुमचं आणि त्याचं म्हणणं जुळेपर्यंत अस्तर औषध सोडणार नाही. विष छातीत पसरेल."

कुबल म्हणजे टोपलीकडे नुसतं बघून मासा कालचा की आजचा हे सांगणारा माणूस. बांगडा तोंडात घालून जिभेनेच काटे वेगळे काढण्यात त्यांची ख्याती. पुण्याचा जावई शार्दूल बोटांनी काटे निवडत बसला, म्हणून भरल्या तोंडाने त्याला शिकवायला गेले आणि काटा गुरूच्याच घशात रुतला. तो केव्हाच पोटात उतरला. भोक तेवढं मागे राहिलं. शार्दूल सासऱ्याची अब्रू राखत खाटेशी मुकाट उभा होता.

"सांगून टाका हो," बायको शालन म्हणाली. "एक काटो चुकलो, म्हणून दर्या आटाचो नाय."

"बांगडो होतो," कुबल म्हणाले. मग मान ताठ करून, "पण ताजो होतो. तसा लिवा."

अस्तराने औषध सोडलं. जखम भरली. नळी काढायच्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "हवी तर कायमची ठेवता येईल. काटा आला की आवळून वर परत पाठवते."

"ठेवा, पप्पा," जावई म्हणाला.

"काढा. माझो मासो माझी जीभ बघतली. चुकली तर चुकली."

डॉक्टर हसल्या. "नको म्हणणारे तुम्ही पहिलेच. बंदरावरच्या निम्म्या पोरांनी या नळीसाठी नावं दिलीत, भोक नसताना."

कुबलांनी बंदरावरची तोंडं एकेक करून आठवली. काटा नळीच परतवणार असेल, तर उद्या तिथे जीभ नुसती बोलण्यापुरतीच उरेल का?