ऐकू आलं की बटण दाबा

पहिली चूक खुर्चीची झाली.

कान तपासायच्या आवाजबंद खोलीत माणसाला काचेसमोर तोंड करून बसवायचं नाही, हा तिच्या शिक्षणातला पहिला धडा. तपासणाऱ्याचा हात दिसला, की माणूस आवाज ऐकून नव्हे, हात बघून बटण दाबतो. पण ती शिकाऊ होती, पहिलाच आठवडा होता, आणि आत आलेल्या तरुण सुताराच्या भुवयांवर लाकडाचा भुसा होता… झालं! तिनं त्याला थेट काचेसमोर बसवलं आणि बाहेरून माइकवर सांगितलं, "कितीही बारीक आवाज असो, ऐकू आला की बटण दाबा."

त्यानं दाबलं. तिच्या यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. ती आवाज सोडायची, दिवा लागायचा. ती नुसती मान वर करून बघायची, तरी लागायचा.

"अहो, आत्ता मी आवाज सोडलाच नव्हता!"

"नव्हता? मग मला काय ऐकू आलं?"

तिचे कान तापले. मोठ्या मॅडमनी आलेख पाहिला आणि कपाळाला हात लावला. "याला काय वटवाघळाचे कान आहेत? खुर्ची वळव आणि पुन्हा घे."

खुर्ची वळवल्यावर खरं काय ते कळलं. करवतीच्या यंत्रानं त्याच्या ऐकण्यातला थोडा ऐवज आधीच लांबवला होता. तिनं त्याला कान झाकून काम करायची तंबी दिली.

"झाकीन. पण पुन्हा दाखवायला यावं लागेल ना?"

"वर्षानं."

"वर्षानं…?" त्याचा चेहरा असा पडला, की तिला हसू आवरेना.

एवढं थांबावं लागलं नाही. त्याच रविवारी, सगळे ज्यांना आत्या म्हणत त्या बाईंच्या स्वयंपाकघरात ती भांडी घासत होती आणि तो दुरुस्त केलेलं स्टूल घेऊन आत आला.

"तुम्ही? इथे?"

"माझ्या सख्ख्या आत्याचं घर आहे. तुम्ही इथे कशा?"

कशी, ते सांगायला हवं. तिचे वडील गोदामात पोती वाहायचे, आई शिवणकाम करायची. बारावीनंतर तिला खोकी भरायच्या कामाला लावायचं घरात पक्कं झालं होतं. तेव्हा शाळेच्या बाईंनी आत्यांशी गाठ घालून दिली. आत्यांचा जन्म कापडगिरणीत यंत्रमागांपुढे गेला होता. त्या खडखडाटात कान गेले, मूलबाळ नव्हतं. त्या म्हणाल्या, "माझे गेले ते गेले. ही पोर कानांचं शिकली तर चार जणांचे वाचतील. हिचा शिक्षणाचा खर्च माझ्याकडे."

अट एकच. आत्यांच्या घरात आभार मानायचे नाहीत. जो मानेल त्यानं भांडी घासायची.

"आज कितीदा मानलेत?" त्यानं मोरीकडे बघत विचारलं.

"ढीग दिसत नाही का?"

तो आत्यांकडे वळला आणि आवाज न करता नुसते ओठ हलवून काहीतरी बोलला. गिरणीतल्या बायका खडखडाटात अशाच बोलायच्या, आणि आत्यांच्या मांडीवर वाढलेला तोही तसं बोलायला आणि ओठ वाचायला शिकला होता. आत्या खदखदून हसल्या.

"काय म्हणाले हे?" तिनं आत्यांना विचारलं.

"तुझ्याबद्दल होतं. मी नाही सांगणार!"

मग रविवारामागून रविवार गेले. आत्यांच्या घरातलं धडधाकट सामानही दर आठवड्याला मोडू लागलं. तो रंधा चालवायचा, ती अभ्यास करायची, आणि दोघांत चहाचा कप निवत राहायचा. तो थट्टा करायचा, घरापर्यंत सोडायला यायचा. कोपऱ्यावर रेंगाळायचा, ओठांवर काहीतरी यायचं… आणि "बरं, येतो," म्हणून निघून जायचा. ती रात्री कूस बदलत राहायची. एवढं का अडतं याचं?

ती शिकली, त्याच रुग्णालयात नोकरीला लागली. घरात खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिलीच. तिचा पांढरा कोट वडील स्वतः इस्त्री करायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत. मग लांबच्या शहरात पुढचं शिक्षण मिळालं. दोन वर्षं! आत्यांनी ऐकून घ्यायच्या आधीच "जा" म्हटलं. तो नुसता रंधा चालवत राहिला.

निघायच्या आदल्या दिवशी तो कान दाखवायला आला. तिनं त्याला काचेसमोर बसवलं. या वेळी खुर्ची न वळवणं ही चूक नव्हती.

तपासणी संपली. तिनं माइक बंद केला आणि त्याच्याकडे बघत पहिल्यांदाच एकेरीवर आली.

"विचारत का नाहीस रे? मी कधीची हो म्हणून बसलेय…"

हिरवा दिवा लागला.

जाड दार ढकलून तो बाहेर आला.

"आत्यानं तुला शिकवलं," तो म्हणाला. "मी विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस… तर ते मनापासून की उपकारापोटी, हे मला जन्मभर कळलं नसतं. तसल्या होकाराची भीती वाटली गं."

तिला राग आला आणि रडूही आलं.

"वेडा आहेस! आत्यांचे उपकार मानून मानून माझी बोटं सुरकुतली. तुझ्यासाठी मी आजवर एक चमचा तरी विसळलाय का?"

तो बघतच राहिला. मग हसला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी बस सुटायच्या बेतात होती. खिडकीची काच उघडत नव्हती. आई-वडील, आत्या आणि तो खाली उभे होते. इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यानं नुसते ओठ हलवले… सावकाश, तिला वाचता यावेत म्हणून.

मी थांबतो.

तिच्याकडे बटण नव्हतं. तिनं अंगठा काचेवर दाबला, आणि बस वळेपर्यंत तो उचलला नाही.